लेखनिक आणि वाढीव वेळ म्हणजे फुकटचे गुण नव्हेत

अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक वा वाढीव वेळ दिल्यास इतरांवर अन्याय होतो, हा पालकसभांतून वर्षानुवर्षे ऐकू येणारा समज चुकीचा आहे. डिस्लेक्सिया (वाचनातील अडचण) किंवा डिसग्राफिया (लेखनातील अडचण) म्हणजे बुद्धी कमी असणे नव्हे. प्रकाशसंश्लेषणाची क्रिया तोंडी न अडखळता सांगणारे मूल तेच उत्तर लिहिताना ‘घ’ आणि ‘ध’मध्ये गोंधळते, वेलांट्या गाळते, खोडत बसते आणि पेपर अर्धा राहतो. लेखनिक फक्त सांगितलेले उतरवतो. उत्तर त्या मुलालाच द्यावे लागते.

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान २० मिनिटांचा वाढीव वेळ भरपाई म्हणूनच ठरवला, तर ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असले तरी गरजूला लेखनिक नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये विकास कुमार या परीक्षार्थीच्या प्रकरणात स्पष्ट केले.

उत्तर मनात जुळवून दुसऱ्याला क्रमाने सांगणे हे सरावाने येणारे कौशल्य आहे. त्यामुळे शाळांनी दहावीची वाट न पाहता घटक चाचण्यांपासूनच ही सोय द्यावी.