अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल : अर्थकारण

अमेरिकेतील विद्यापीठांच्या संघांमध्ये होणाऱ्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांतून मिळणारा पैसा, त्याची वाटणी आणि तीमुळे खेळाच्या रचनेत झालेले बदल यांचा येथे विचार केला आहे. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपणहक्क, तिकीटविक्री आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या ही उत्पन्नाची मुख्य साधने होत. १ जुलै २०२५ पासून या उत्पन्नातील वाटा खेळाडूंना थेट देण्याची मुभा विद्यापीठांना मिळाली.

या खेळात पैसा केव्हा शिरला, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यात झाला, असे सामान्यतः मानतात. त्यात दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस खेळाडू होते व चेंडू हातात घेऊन धावता येत नसे. म्हणून काहींच्या मते तो सॉकरचाच एक प्रकार होता. आर्थिक इतिहास याहूनही मागे नेणारे अभ्यासक १८५२ मधील हार्व्हर्ड–येल नौकास्पर्धेकडे बोट दाखवतात. न्यू हॅम्पशरमधील सरोवरावर झालेल्या त्या स्पर्धेचा खर्च एका रेल्वे कंपनीने प्रवासी मिळावेत म्हणून उचलला होता. ती स्पर्धा फुटबॉलची नसली, तरी विद्यार्थ्यांनी खेळावे आणि दुसऱ्याने त्यावर कमवावे हा पायंडा तिथेच पडला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्या काळच्या नियतकालिकांतील वृत्तांतानुसार, येलचा कर्णधार जेम्स होगन याला १९०४ च्या सुमारास विद्यापीठ परिसरात खपणाऱ्या सिगारेटवर दलाली मिळे. खेळाडूच्या नावावर व्यापार करण्याला अधिकृत मुभा २०२१ मध्ये मिळाली, पण ती कल्पना तेव्हाची नव्हे, हे यावरून दिसते.

मैदानावरील मृत्यूंमुळे १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हस्तक्षेप केला. त्यानंतर महाविद्यालयीन खेळांच्या नियमनासाठी स्थापन झालेली संघटना १९१० पासून एन.सी.ए.ए. या नावाने ओळखली जाते. खेळाडू हौशी असावा, हा तिचा मूळ दंडक. १९५६ मध्ये क्रीडा शिष्यवृत्तीला रीतसर मान्यता मिळाली, पण तिच्यापलीकडे काही घेणे हा नियमभंग ठरत असे. हे नियम किती बारीक होते, याचे एक उदाहरण बोलके आहे : जेवणाच्या वेळेबाहेर खेळाडूंना फळे, सुकामेवा व बेगल नावाचा गोल पाव देता येई, मात्र त्या पावाला चीज वा लोणी फासले की ते ‘जेवण’ होऊन नियमभंग होत असे.

‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ म्हणजे ‘विद्यार्थी-क्रीडापटू’ या संज्ञेचा उगम विशेष वादग्रस्त आहे. डेन्व्हर विद्यापीठाचा खेळाडू नेमेथ याची सरावात पाठ दुखावली. टेनिसची मैदाने स्वच्छ ठेवण्याबद्दल त्याला दरमहा पैसे मिळत. हे काम फुटबॉल खेळण्याशी बांधलेले असल्याने तो कर्मचारीच ठरतो आणि भरपाईस पात्र आहे, असा निर्णय कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये दिला. पुढे १९५५ मध्ये त्याच राज्यातील फोर्ट लुईस महाविद्यालयाचा खेळाडू रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेचा दावा १९५७ मध्ये फेटाळताना मात्र न्यायालयाने म्हटले की महाविद्यालय फुटबॉलचा धंदा करत नाही. भरपाईच्या दायित्वापासून बचाव म्हणून ही संज्ञा घडवली, असे एन.सी.ए.ए.चे दीर्घकाळचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर लिहिले. हा शब्द त्याआधीही तुरळक आढळतो. परंतु त्याला कायद्याची ढाल केले ते याच काळात, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल. एका तरुण विधवेच्या पदरी त्यामुळे काहीच पडले नाही, ही गोष्ट संज्ञेच्या चर्चेत विसरली जाऊ नये.

खरा पालट १९८४ मध्ये झाला. दूरचित्रवाणीवर किती सामने दाखवायचे व कोणते, यावरील एन.सी.ए.ए.चे नियंत्रण स्पर्धाविरोधी असल्याचा निर्णय ओक्लाहोमा विद्यापीठाच्या मंडळाच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी दिला. विरुद्ध मत देणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः महाविद्यालयीन फुटबॉलचे नामांकित खेळाडू होते. यानंतर विद्यापीठांचे समूह, म्हणजे कॉन्फरन्स, आपापले हक्क विकू लागले. २०२२ मध्ये बिग टेन या समूहाने सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिकचे करार केले. त्याच वर्षी यू.सी.एल.ए. व यू.एस.सी. ही लॉस एंजेलिसची विद्यापीठे त्या समूहात जाण्याचे ठरले. त्यांच्या जुन्या पॅक-१२ या समूहात २०२४ च्या मोसमात दोनच विद्यापीठे उरली. आता यू.सी.एल.ए. आणि रटगर्स एकाच समूहात आहेत. दोहोंतील अंतर सुमारे चार हजार किलोमीटर.

प्रशिक्षकांना हा पैसा आधीपासून मिळत होता. २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर यांना काढताना करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणे मान्य केले.

खेळाडूंची बाजू न्यायालयांतून पुढे सरकली. खेळाडूंना आपल्या नावावर कमावू देणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला. २१ जून २०२१ रोजी खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरील मर्यादांविषयीच्या अल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एन.सी.ए.ए.विरुद्ध निर्णय दिला आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपले नाव, छबी व ओळख यांवर कमावता येऊ लागले. याला एन.आय.एल. म्हणतात. देणगीदारांनी निधी उभारून खेळाडू आकर्षित करायला सुरुवात केली. त्याच सुमारास विद्यापीठ बदलण्याचे निर्बंधही सैल झाले. २०२४ मध्ये पुन्हा निघालेल्या महाविद्यालयीन फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये आपली छबी वापरू देण्याबद्दल खेळाडूंना प्रत्येकी ६०० डॉलर व गेमची एक प्रत देऊ करण्यात आली.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी, खेळाडूंनी एन.सी.ए.ए.विरुद्ध भरलेल्या हाउस खटल्यातील तडजोड मंजूर केली. तीनुसार माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर द्यायचे असून, २०२५–२६ साठी प्रत्येक विद्यापीठाला खेळाडूंत वाटण्यासाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा आहे. अनेक ठिकाणी यातला सुमारे तीन-चतुर्थांश वाटा फुटबॉलकडे जातो. मागील भरपाईच्या वाटणीत पुरुषांना झुकते माप मिळते म्हणून महिला खेळाडूंनी तिला अपिलात आव्हान दिले. त्यांची तक्रार रास्त आहे. शिष्यवृत्त्यांची मर्यादा उठली, पण फुटबॉल संघात १०५ खेळाडूंची मर्यादा आली आणि शिष्यवृत्तीविना, केवळ आवडीपोटी सराव करणाऱ्या मुलांवर गदा आली. ज्यांची नावे यामुळे कापली गेली, त्यांना मर्यादेबाहेर ठेवण्याची सवलत न्यायाधीशांच्या आग्रहामुळे मिळाली. ती वापरायची की नाही, हे विद्यापीठाच्या मर्जीवर आहे.

खेळाडू कर्मचारी आहे काय, हा प्रश्न तडजोडीने सोडवलेला नाही. जुलै २०२४ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने काही परिस्थितीत तो कर्मचारी ठरू शकतो, असे म्हटले. विद्यापीठे मात्र जे करार करतात ते बहुतांशी नाव व छबी वापरण्याचे परवाने म्हणून लिहिलेले असतात. त्यामुळे सरावात पाठ दुखावलेल्या आजच्या खेळाडूला, वर्षाला लाखो डॉलर मिळत असले तरी, नेमेथप्रमाणे कर्मचारी म्हणून भरपाई मिळेलच असे म्हणता येत नाही.