शूची धार आणि एक उभी चीर

बाळाची लंगोटी बदलताना बहुधा आजीच्या आधी लक्षात येतं: धार समोर न जाता खाली पायांवर पडतेय. नीट पाहिलं, तर शूचं भोक टोकाला नसून खालच्या अंगाला आहे. पुढची कातडी वरच टोपडीसारखी गोळा झालीय, खाली तिचा पत्ताच नाही. हा हायपोस्पेडियास. साधारण 200 ते 300 मुलग्यांमागे एकाला असतो, पण घराघरांत त्याबद्दल बोलायची लाज, म्हणून दुर्मीळ वाटतो.

गर्भात तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास शिश्नाच्या खालच्या अंगाला उघडी पन्हळ असते. तिच्या कडा मुळाकडून टोकाकडे मिटत जातात आणि मूत्रमार्गाची नळी बनते. मिटणं जिथे थांबतं, तिथे भोक राहतं. त्यापुढची पन्हळ सपाट पट्टी होऊन उरते. (आईने ग्रहणात विळी हातात धरली होती की नाही, याचा इथे काहीही संबंध नाही.)

या पट्टीवर सर्जन मंडळींचा पूर्वी फारसा विश्वास नव्हता. अशा शिश्नाला अनेकदा बाकही असतो; तो तिच्यामुळेच येतो, असं समजून ती कापून टाकत आणि पुढच्या कातडीची नवी नळी बनवत. पुढे कळलं, की पट्टी चांगली निरोगी असते, रक्तपुरवठाही छान. अडचण एवढीच, की ती अरुंद. गुंडाळली तर नळी चिंचोळी होते. 1994 साली सर्जन वॉरन स्नॉडग्रास यांनी सुचवलेला उपाय शिंप्यालाही पटावा असा आहे: पट्टीच्या मधोमध एक उभी चीर द्या. पट्टी पसरते, मग बारीक कॅथेटरभोवती (लघवी बाहेर नेणाऱ्या मऊ नळीभोवती) कडा जुळवून शिवता येतात. आतली चीर नव्या अस्तराने आपोआप भरून येते. शिवणीवर पुढच्या कातडीखालच्या मऊ थराचं पांघरूण घालतात, म्हणजे शिवणीवर शिवण येत नाही. म्हणूनच अशा बाळाची सुंता आधी करायची नसते. ती कातडी हाच कच्चा माल.

बाक किती आहे, ते ऑपरेशनच्या टेबलावरच शिश्नात सलाइन भरून, ते ताठ करून तपासतात. थोडा असेल तर वरच्या अंगाला टाके घालून सरळ होतो. फार असेल तर मात्र पट्टी कापावीच लागते आणि काम दोन टप्प्यांत जातं. आधी पट्टीच्या जागी पुढच्या कातडीच्या आतल्या बाजूचा किंवा गालाच्या आतला तुकडा लावतात. गालाचं अस्तर सतत ओलं राहायला सरावलेलं, लघवीचं त्याला वावडं नाही. सहाएक महिन्यांनी त्याची नळी करतात.

ऑपरेशनचं वय साधारण 6 ते 18 महिने. भिंग लावून, केसाइतक्या बारीक धाग्याने शिवतात. नंतर काही दिवस डायपर दुहेरी: आतला शीसाठी, बाहेरचा कॅथेटरमधून ठिबकणाऱ्या शूसाठी. कधी शिवणीतून दुसरीकडून गळती सुरू होते, त्याला फिस्टुला म्हणतात. मूळ भोक जितकं मागे, तितका हा धोका जास्त. तो दुरुस्त करायचा तरी घाई करत नाहीत. सूज पूर्ण उतरून कातडी मऊ व्हायला सहा महिने तरी जाऊ देतात.