जीभ नसलेलं भात

पावसाळ्यात गगनबावड्याच्या रस्त्यानं निघालं की दोन्ही बाजूंची खाचरं एकसारखी हिरवीगार दिसतात. गाडी थांबवून बांधावर उकिडवं बसलं, तर त्या हिरव्यात दुसराही एक रहिवासी सापडतो. भाताच्याच ओळीत, साधारण त्याच उंचीचा. त्याचं नाव सावा, भातात उगवणारं एक तण. भांगलणीला, म्हणजे तण काढायला, नवखा माणूस उतरला की हमखास भात उपटतो आणि सावा राखतो.

ओळखायची खरी खूण पानाच्या बुडाशी असते. पातं जिथं खोडाला गुंडाळलेल्या आवरणाला मिळतं, तो सांधा अलगद मागं वाकवा. भात असेल तर तिथं पांढरा, पातळ, टोकाला दुभंगलेला पापुद्रा दिसेल. ही भाताची जीभ. तिच्या दोन्ही अंगांना विळ्यासारखे वाकडे, केसाळ कान असतात. साव्याला जीभही नाही आणि कानही नाहीत. सांधा अगदी मोकळा. जून पानांवरून भाताचे कान झडून जातात, म्हणून नेहमी वरचं ताजं पान बघावं. पुढं निसवल्यावर तर शंकाच उरत नाही. भाताची लोंबी लवते आणि दाणा लांबट असतो. साव्याच्या दांड्यावर आखूड आखूड फांद्या येतात आणि त्यांवर बारीक, गोलसर दाणे दाटीनं बसलेले असतात.

साव्याच्या बुडाची जांभळट झाक हीही एक खूण सांगतात, पण तिच्यावर मी फार विसंबत नाही. त्याचं कारण मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटतं. भांगलणारा हात डोळ्यांना वेगळं दिसेल तेच उपटतो. लालसर, आडवं पसरलेलं रोप आधी जातं. हिरवं, ताठ, भातासारखं दिसणारं रोप नजरेतून सुटतं आणि त्याचंच बी पुढच्या वर्षी उगवतं. हे शेकडो वर्षं चाललं की तण पिकाचं रूप घेतं. चीनमधल्या यांग्त्से खोऱ्यातल्या साव्याच्या भाऊबंदांपैकी ३२८ रोपांचे जनुकसंच तपासणारा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. तिथं हे सोंग सुमारे १००० वर्षांपूर्वी उभं राहिलं, असं त्यातून दिसलं. कुणी ठरवून केलेलं नाही, खुरप्यानं घडवलेलं.

सावा वाढायलाही चपळ. सूर्यप्रकाशातून अन्न करण्याची त्याची रीत उसाची, ज्वारीची, मक्याची आहे. कडक उन्हात आणि उष्म्यात ती भाताच्या रीतीपेक्षा सरस ठरते. ओल तर त्याला हवीच असते. मुळांत हवेच्या पोकळ्या असल्यानं साचलेल्या पाण्यातही तो तग धरतो.

एवढ्यावरून त्याला निव्वळ शत्रू ठरवणं मला पटत नाही. याच रानातल्या साव्यातून, म्हणजे रानसाव्यातून, आपल्या देशात बर्टी हे भरडधान्य घडलं. जपानमध्ये त्याच्या दुसऱ्या भावापासून तसंच धान्य वेगळं तयार झालं. आपल्याकडं उपवासाला वरीचे तांदूळ किंवा भगर म्हणून शिजतं ते बहुतेक वरीचं, म्हणजे निराळ्या गवताचं. उत्तरेत मात्र उपवासाला साव्याचं धान्य चालतं.

बर्टी कुंडीतही येते. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की बी दोन सेंटिमीटरपेक्षा खोल जाणार नाही असं पेरा. दाणा इतका बारीक असतो की जास्त मातीखाली कोंब दमतो. रोपं दाट झाली तर विरळणी करा. माती ओलसर ठेवा, ऊन भरपूर मिळू द्या. बहुतेक वाणांचं पीक अडीच-तीन महिन्यांत हाती येतं. दाण्याचं कठीण टरफल काढायला मात्र उखळ-मुसळ आणि चिकाटी लागते. तणनाशक फवारलेल्या खाचरातला रानसावा खायला आणू नका.

कणसं पिवळी पडली की एक प्रयोग करून बघा. बांधावरच्या पिकल्या रानसाव्याचं कणीस तळहातावर हलकेच झटका. दाणे लगेच झडतात, कारण कापणीआधी जमिनीत पडणं हेच त्याच्या फायद्याचं. मग कुंडीतल्या बर्टीचं कणीस तसंच झटका. दाणे दांड्याला धरून राहतात, कारण कापून घरी नेलेल्या कणसांतलंच बी माणूस पिढ्यान् पिढ्या पेरत आला.