‘हरलात तर पुढच्या रेसला डबल लावा’: हिशोब काय सांगतो

महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर एक सल्ला वर्षानुवर्षं ऐकू येतो: हरलात तर पुढच्या रेसला दुप्पट लावा, एक घोडा आला की सगळं वसूल. हे चूक आहे, आणि त्यात माणसं बुडतात.

१०० रुपयांपासून सुरुवात करा. सलग सहा हारींत १००, २००, ४००, ८००, १६००, ३२०० मिळून ६,३०० गेले. सातव्यांदा ६,४०० लावायचे, म्हणजे खिशातून एकूण १२,७००. तेही १०० रुपये सुटावेत म्हणून! बरं, तेवढेही सुटतात ते पैसे दुप्पट झाले तरच. टोटवर, म्हणजे रेस क्लबच्या पैसे लावायच्या खिडकीवर, सगळ्यांचे पैसे एकत्र जमतात, कर आणि क्लबचा वाटा आधी कापला जातो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. लोकांच्या आवडत्या घोड्यावर १० ला १६ मिळाले, तर ६,४०० चे १०,२४० होतात. घोडा जिंकूनही तुम्ही २,४६० ने खाली.

सलग सहा हारी दुर्मिळ वाटतात. पण घोड्याची शक्यता तीनात एक धरली, तर त्या साधारण अकरा वेळांत एकदा येतात. मागच्या रेसची हार पुढच्या घोड्याला ठाऊक नसते.

खेळायचंच असेल तर घरूनच दिवसाची रक्कम ठरवा, तिचे दहा भाग करा, एका रेसला एकच भाग. अंतर, पाठीवरचं वजन, ट्रॅक ओला की कोरडा हे रेसबुकात पाहा. नवख्या घोड्यांची रेस सरळ सोडा. भाग संपले की खिडकीकडे फिरकू नका, उधारीवर तर मुळीच नाही.