डिजिटल माध्यमं आणि बालविकास (पदव्युत्तर अभ्यास, बडोदा)

मोबाईल, टीव्ही, टॅब, यूट्यूब यांचा मुलांच्या भाषेवर, झोपेवर, खेळावर, लक्ष देण्यावर काय परिणाम होतो हे शास्त्रीय पद्धतीनं तपासायचा एमएससी-पीएचडी पातळीवरचा अभ्यास. मानसशास्त्र, बालरोग, शिक्षण, संज्ञापन सगळ्यांचाच यात वाटा आहे. बडोद्यात त्याचं स्वाभाविक घर म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठातला मानवविकास आणि कौटुंबिक अभ्यास विभाग, जो पूर्वी बालविकास विभाग म्हणून ओळखला जायचा. विद्यापीठ १९४९ चं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू, आणि हा विभाग जिच्यात येतो ती होम सायन्सची फॅकल्टीही साधारण तेव्हाचीच.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बरेच जण हिमेलवाइट आणि सहकाऱ्यांच्या १९५८ च्या इंग्लंडमधल्या टीव्हीच्या अभ्यासापासून धरतात, किंवा अमेरिकेतल्या श्रॅम वगैरेंच्या १९६१ च्या कामापासून. पण १९३३ च्या आसपास छापून आलेला पेन फंड या अमेरिकन निधीचा सिनेमावरचा संशोधनसंच जास्त योग्य वाटतो, कारण सिनेमा बघून आलेली मुलं रात्री किती चुळबुळ करतात हे तिथे पलंगाला यंत्र लावून मोजलं होतं, म्हणजे नुसतं मत न देता मोजायचं हा आग्रह तिथेच दिसतो. आपल्याकडे १९७५-७६ चा साइट हा उपग्रह टीव्हीचा प्रयोग मोठा टप्पा, सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं, त्यात शाळकरी मुलांसाठी वेगळे कार्यक्रम होते.

बडोद्याचं खरं योगदान मापनात आहे आणि ते नीट सांगितलंच पाहिजे. डॉ. प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या बाळांच्या विकासाच्या मापनश्रेणीच्या आधारे इथल्या बाळांवर प्रमाणकं (कोणत्या वयात काय यावं याचे आकडे) बसवली, त्यातून डासी ही भारतीय बाळांसाठीची श्रेणी आली (मूळ काम साधारण १९७० चं, सुधारित आवृत्ती नव्वदीच्या दशकातली). तीत ६७ कारक (हालचालींचे) आणि १६३ मानसिक घटक, वय ० ते ३० महिने. त्यातूनच ५४ घटकांची छोटी बडोदा स्क्रीनिंग टेस्ट (झटपट प्राथमिक चाचणी) निघाली, आणि बेलीच्या श्रेणीच्या बडोदा प्रमाणकांतलेच १७ घटक घेऊन त्रिवेंद्रमचा विकास-तपासणी तक्ता. एक गोष्ट प्रबंधांमध्ये वारंवार विसरली जाते: स्क्रीनिंग म्हणजे निदान नाही, त्यात मागे पडलेलं मूल पूर्ण श्रेणीवर तपासल्याशिवाय 'मोबाईलमुळे उशीर' असं लिहूच नये. शिवाय जास्त मोबाईल आणि उशिरा बोलणं एकत्र दिसलं तरी कोण कारण आणि कोण परिणाम हे एकाच वेळी घेतलेल्या माहितीवरून ठरत नाही. किरकिऱ्या मुलाच्या हातात मोबाईल लवकर जातो, हेही खरंच.

मुख्य अडचण स्क्रीन टाइमची. समजा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी आजी दोन वर्षांच्या नातीला वरणभात भरवतेय, मोबाईल पाण्याच्या पेल्याला टेकवून ठेवलाय, त्यात हिंदी बालगीतं चालू, मागे टीव्हीवर मराठी मालिका आणि मध्येच पुण्याहून बाबाचा व्हिडिओ कॉल. प्रश्नावलीत हे सगळं 'एक तास' म्हणून भरलं जातं. पण तीन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. मागे नुसता चालू असलेला टीव्हीसुद्धा लहान मुलांचा खेळ तोडतो हे २००८ च्या एका प्रयोगात दिसलं. भाषासंशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं समोर बसलेल्या माणसाकडून चिनी ध्वनी ओळखायला शिकली, व्हिडिओवरून नाही. आणि २०१४ च्या एका अभ्यासात व्हिडिओ कॉलवरून, जिथे समोरचा मुलाला उत्तर देतो, मुलांनी नवी क्रियापदं शिकली. म्हणून तासांपेक्षा कोण सोबत आहे आणि उत्तर मिळतंय का हे मोजणं जास्त मोलाचं. अमेरिकन बालरोग संघटनेनेही २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्यांसाठी व्हिडिओ कॉलला सूट दिलीय. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची मर्यादा म्हणजे दोन वर्षांखाली शून्य आणि दोन ते चार वर्षांना जास्तीत जास्त एक तास.

बडोद्यातल्या मराठी घरांत घरात मराठी, गल्लीत गुजराती, कार्टूनमध्ये हिंदी, प्लेस्कूलमध्ये इंग्रजी. अशा मुलाचे शब्द एकाच भाषेत मोजले तर ते उगाच मागे पडल्यासारखं दिसतं, सगळ्या भाषांची बेरीज केली तर चित्र बदलतं.

किशोरवयाबद्दल वाद जास्त आहे. ऑर्बेन आणि प्रिझिबिल्स्की या संशोधकांना २०१९ मध्ये डिजिटल वापराचा मनस्वास्थ्यातल्या फरकाशी संबंध जेमतेम ०.४ टक्के आढळला, तर अमेरिकन समाजमानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट मोठा धोका सांगतात. सावध बाजूच पटते, पण झोपेचा मुद्दा वेगळा काढून बघायला हवा.

नीतिविषयक बाजू: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे पालकांची संमती तर हवीच, सात ते अकरा वर्षांच्या मुलांची तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी सहमतीही लागते. घरातलं रेकॉर्डिंग करताना आजीची परवानगीही घ्यावी, कारण तिचाही आवाज त्यात असतो.