परदेशी जमीन खरेदी आणि कर: शंभर वर्षांची पार्श्वभूमी

कंपनी परदेशात जमीन घेते तेव्हा कराचे दोन प्रश्न उभे राहतात. भाड्यावर आणि पुढे विक्रीच्या नफ्यावर कर कोणत्या देशाने घ्यायचा? आणि खरेदीदार-विक्रेता एकाच समूहातल्या कंपन्या असतील, तर कागदावरची किंमत खरी मानायची का? पहिल्याचं उत्तर लवकर मिळालं. दुसरा प्रश्न आजही प्रत्येक व्यवहारात नव्याने सोडवावा लागतो.

पहिल्या महायुद्धानंतर आयकराचे दर चढले आणि एकाच उत्पन्नावर दोन देशांचा कर बसू लागला. राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना) चार अर्थतज्ज्ञांना अभ्यासाला बसवलं. त्यांतले लुइजी आयनाउदी पुढे इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. १९२३ च्या त्यांच्या अहवालात जमिनीबाबत फारशी ओढाताण नव्हती: जमीन जिथे आहे, तिथल्या सरकारचा हक्क पहिला. हेच तत्त्व १९२८ च्या नमुना करारात (देशांनी आपसातले कर करार करताना वापरायचा साचा) आणि १९६३ मध्ये ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या मसुद्यात कलम ६ म्हणून आलं.

पळवाट मात्र इथेच होती. जमीन हलत नाही, पण जमीन बाळगणाऱ्या कंपनीचे शेअर हलतात. ते विकले की सरकारी नोंदीत मालकाचं नाव तेच राहतं आणि नफा तिसऱ्याच देशात जमा होतो. १९८० मध्ये अमेरिकेने कायदा करून परदेशी मालकांच्या स्थावर मालमत्तेवरचा आणि अशा कंपन्यांच्या शेअरवरचा नफा करपात्र केला. १९८४ मध्ये त्याला करकपातीची जोड मिळाली: परदेशी विक्रेत्याला पैसे देताना खरेदीदाराने आधी १० टक्के आणि २०१६ पासून साधारणपणे १५ टक्के कापून सरकारकडे भरायचे, तेही नफ्यावर नव्हे, विक्रीच्या पूर्ण रकमेवर. संयुक्त राष्ट्रांच्या १९८० च्या नमुना करारानेही अशा शेअरवर जमिनीच्या देशाचा हक्क मान्य केला. ओईसीडीला त्यासाठी २००३ उजाडावं लागलं, हा उशीर मला समर्थनीय वाटत नाही. हा नियम शेअरच्या मूल्यात जमिनीचा वाटा निम्म्याहून जास्त असेल तरच लागू होई, त्यामुळे त्यानंतरही विक्रीच्या तोंडावर कंपनीत रोकड ओतून तो वाटा निम्म्याखाली आणता येत असे. म्हणून २०१७ च्या बहुपक्षीय करारात आधीच्या ३६५ दिवसांतला कोणताही दिवस तपासण्याची तरतूद आली.

किमतीचा प्रश्न जास्त अवघड आहे. दोन अनोळखी पक्षांनी जी किंमत ठरवली असती तीच समूहातल्या कंपन्यांनी धरावी, हे तत्त्व राष्ट्रसंघाच्या १९३०च्या दशकातल्या मसुद्यांपासून चालत आलं. ओईसीडीचा १९७९ चा अहवाल आणि १९९५ ची मार्गदर्शक तत्त्वं यांनी त्याला आजचं रूप दिलं. धान्य किंवा धातूला बाजारभाव असतो. जमिनीचे दोन तुकडे मात्र सारखे नसतात. रस्ता, पाणी, बांधकामाची परवानगी, मालकी हक्कातला एखादा जुना वाद, यांतली एक गोष्ट बदलली तरी किंमत बदलते. त्यामुळे दोन प्रामाणिक मूल्यांकनकारांचे आकडेही वेगळे येऊ शकतात.

त्यात आणखी एक खुबी आहे. जमिनीवर सहसा घसारा (झिजेपोटी दरवर्षी उत्पन्नातून मिळणारी वजावट) मिळत नाही, इमारतीवर मिळतो. म्हणून एकूण किंमत योग्य असली, तरी त्यातला किती भाग इमारतीचा दाखवला यावर वर्षानुवर्षांचा कर फिरतो. दुसरी वाट कर्जाची: मूळ कंपनी उपकंपनीला जमिनीसाठी भरमसाट व्याजाने कर्ज देते आणि भाड्याचं उत्पन्न व्याजातच विरून जातं. २०१५ मध्ये ओईसीडी आणि जी-२० च्या प्रकल्पाने निव्वळ व्याजाची वजावट नफ्याच्या १० ते ३० टक्क्यांत रोखण्याची शिफारस केली; हा नफा व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा. समूहांतर्गत कर्जावरचं सविस्तर मार्गदर्शन थेट २०२० मध्ये आलं.

एका देशाने किंमत बदलून कर वाढवला, तर दुसऱ्याने त्या प्रमाणात कमी करावा, यासाठी १९७७ मध्ये ओईसीडीच्या नमुन्यातल्या कलम ९ ला दुसरा परिच्छेद जोडला गेला. पण किमतीतला तो बदल योग्य आहे असं दुसऱ्या देशाला वाटलं तरच तो बांधील असतो. शिवाय हे करार मुख्यतः उत्पन्नावरच्या करांपुरते आहेत. खरेदीच्या वेळी भरलेलं मुद्रांक शुल्क त्यांच्या कक्षेत येत नाही, आणि किंमत नंतर कमी ठरली तरी जास्तीचं शुल्क या कलमाच्या आधाराने परत मागता येत नाही.