वृद्धाश्रम की शुश्रूषागृह? चालकांच्या संघटनांमागची पार्श्वभूमी

राज्यातले वृद्धाश्रम पूर्वी बहुतांशी धर्मादाय होते. जागा दानातली, खर्च देणग्यांतून, नोंदणी ट्रस्टची. चालकांना संघटनेची निकड भासली ती अलीकडे, महिन्याचे शुल्क घेऊन अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांची रात्रंदिवस शुश्रूषा करणारी केंद्रे पुण्या-मुंबईकडे वाढली तेव्हा. अशा केंद्राला कायद्यात म्हणायचे काय, हा पेच तेव्हापासून आहे.

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की आठवते ते दहा-बारा खाटांचे, बाळंतपणे होणारे रुग्णालय. पाटीवरचे ‘शुश्रूषागृह’ही त्याच अर्थाचे. पण 1949च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या व्याख्येत आजार आणि इजा यांच्या जोडीला ‘इन्फर्मिटी’, म्हणजे दुर्बलता, हाही शब्द आहे. अशा माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा पुरवणारी जागा ती शुश्रूषागृह. मग नळीने अन्न घेणाऱ्या आजींना सांभाळणारे, पण निवासी डॉक्टर नसलेले केंद्र त्यात बसते का? बसते म्हटले तर रुग्णालयाचे नियम लागतात. नाही म्हटले तर वैद्यकीय सेवेची जीएसटी-सूट मागणे अवघड होते. वृद्धाश्रमांसाठी वेगळी सूट आहे, पण ती सरकारी आणि आयकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थांना, तीही माणशी महिना 25,000 रुपयांपर्यंतच्या शुल्कावर. खासगी केंद्राचा कर शेवटी कुटुंबाच्या बिलात उतरतो. अशा केंद्रांना कायद्यात स्वतंत्र वर्गवारी द्या, ही चालकांची मागणी येते ती इथून, आणि ती रास्तच आहे. मात्र वर्गवारी हवी तर तपासणीही हवी, हे चालकांनी तितक्याच मोठ्याने म्हणायला हवे.

2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यागणिक किमान 150 निराधारांच्या वृद्धाश्रमाची तरतूद झाली; पैसे भरून राहणाऱ्यांकडे त्याचे लक्ष नव्हते. 2011मध्ये ज्येष्ठ-निवास व्यावसायिकांची देशपातळीवरची संघटना उभी राहिली. 2019च्या दुरुस्ती विधेयकात देखभाल केंद्रे आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्था, दोन्हींची नोंदणी आणि किमान निकष होते. ते मंजूर न होताच 2024मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले.

त्यामुळे मावशींचे प्रशिक्षण, कुटुंबाशी करायच्या कराराचा नमुना, अनामत परत देण्याची रीत, रुग्णालयात कधी हलवायचे याचा निर्णय, या सगळ्याची घडी संघटनांनाच बसवावी लागते. सभासद नसलेल्या केंद्रावर त्यातले काहीच बंधनकारक नाही. तिथे आईला पाठीवर जखमा झाल्या, तर तक्रार आरोग्य खात्याकडे न्यायची की समाजकल्याणकडे, हे कुटुंबाला कुणी सांगत नाही.